स्फोटकशोधाचे यंत्र नेमके काय मोजते?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वसलेले असून तेथूनच वरोरा-भद्रावतीमार्गे चंद्रपूरच्या कोळसापट्ट्याकडे जाणारा रस्ता फुटतो. या चौरस्त्याभोवतालच्या प्रदेशात स्फोटक हा शब्द केवळ घातपाताशी जोडलेला नाही, कारण खाणींतील सुरुंगांसाठी अधिकृत परवान्याने स्फोटके वापरणे हा येथील नित्याचा उद्योग आहे. पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार याच जिल्ह्यात आहे, भद्रावतीला आयुधनिर्माणी आहे, आणि देशभरातील स्फोटकांच्या निर्मितीवर, साठवणुकीवर व वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. या परिसरातील प्रवासी विमान पकडतो ते नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर, आणि तेथे त्याच्या सामानाची तपासणी ज्या यंत्रांनी होते त्यांच्या क्षमतेविषयी व मर्यादांविषयी जनमानसात अनेक चुकीच्या समजुती रूढ आहेत. विमानतळांसाठी स्फोटकशोधाचे नवे तंत्रज्ञान विकसित करण्याकरिता संशोधन-प्रस्ताव मागवले जात असल्याची बातमी आली की या समजुतींना अधिकच पालवी फुटते.

पहिली समजूत अशी की प्रस्ताव मागवणे म्हणजे यंत्रखरेदीची निविदा काढणे होय. वस्तुतः निविदेत काय हवे ते आधीच ठरलेले असते व कमीत कमी दरात ते कोण पुरवतो एवढाच प्रश्न उरतो, तर संशोधन-प्रस्तावाच्या आवाहनात केवळ अडचण मांडलेली असते आणि उत्तर कोणत्या मार्गाने मिळेल हे प्रस्तावकाने सुचवायचे असते. अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणांच्या प्रथेत प्रथम काही पानांचे संकल्पनापत्र मागवतात, त्यातून निवडलेल्यांनाच सविस्तर प्रस्ताव देण्यास सांगतात, आणि तंत्रज्ञान कितपत परिपक्व आहे हे एक ते नऊ अशा पायऱ्यांच्या मापाने जोखतात, ज्यात पहिली पायरी म्हणजे निव्वळ वैज्ञानिक तत्त्व आणि नववी म्हणजे प्रत्यक्ष कामावर सिद्ध झालेले उपकरण. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा तंत्रज्ञान विकास निधी हा याच जातीचा मार्ग होय. त्यातून उद्योगांना, विशेषतः लहान व मध्यम उद्योगांना, प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि २०२२ मध्ये प्रकल्पाची मर्यादा १० कोटींवरून ५० कोटी रुपयांवर नेण्यात आली. हा निधी मुख्यतः सैन्यदलांच्या गरजांसाठी असला तरी त्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. आज मंजूर झालेला प्रस्ताव उद्या विमानतळावर यंत्र होऊन उभा राहत नाही, हे ज्याला उमगले त्याची निराशा टळते.

नवे संशोधन मागवले जाते याचा अर्थ सध्याची यंत्रे कुचकामी आहेत, ही समजूत तितकीच अपुरी आहे. या क्षेत्राचा इतिहास घातपाताची रीत बदलल्यावर शोधाची रीत बदलण्याचा आहे, आणि त्यातील सर्वांत वेदनादायक धडा भारताच्याच वाट्याला आला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर स्फोटाने कोसळले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी टोरांटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका वायूसंवेदक उपकरणाने तपासण्यात आल्या होत्या, ज्याच्या भरवशाबद्दल कॅनडातील अधिकाऱ्यांनी आधीच शंका नोंदवल्या होत्या. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने २०१० मध्ये या त्रुटी सविस्तर मांडल्या. भारतात १९७८ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा एक कक्ष म्हणून काम करणाऱ्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोला १९८७ मध्ये स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तो याच दुर्घटनेनंतर. पुढे २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचे विमान रेडिओ-कॅसेट यंत्रात दडवलेल्या स्फोटकाने फुटले व २७० जण मारले गेले. २००१ मध्ये बुटात, २००९ मध्ये अंतर्वस्त्रांत आणि २०१० मध्ये मालवाहू विमानातील प्रिंटरच्या शाईपेटीत स्फोटक सापडले. प्रत्येक वेळी जुने यंत्र निकामी ठरले असे म्हणता येत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न बदलला, आणि प्रश्न बदलला की संशोधन आपोआप मागावे लागते.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत मात्र यंत्राला स्फोटक दिसते ही होय, आणि ती दूर झाल्याखेरीज बाकीचे काहीच नीट समजत नाही. कोणतेही यंत्र स्फोटकाला स्फोटक म्हणून ओळखत नाही. ते पदार्थाचा एखादा भौतिक वा रासायनिक गुणधर्म मोजते आणि तो गुणधर्म स्फोटकांच्या ज्ञात गुणधर्मांशी जुळतो का, एवढाच अंदाज बांधते. हातसामानाच्या नेहमीच्या यंत्रात दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण वापरले जातात आणि ते किती शोषले गेले यावरून पदार्थातील अणू सरासरीने हलके की जड हे ठरवले जाते. पडद्यावर हलक्या अणूंचे, म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले हिरवे दिसतात. स्फोटके बहुधा नारिंगीत मोडतात हे खरे, पण पुस्तके, साबणाच्या वड्या, चॉकलेट हेही नारिंगीच असतात, आणि नागपूरहून निघणाऱ्या सामानात हमखास असणारे संत्राबर्फीचे डबेही त्याला अपवाद नसतात. म्हणून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी संगणकीय छेदचित्रण वापरले जाऊ लागले, ज्यात अनेक कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जोडून वस्तूच्या प्रत्येक भागाची घनता काढता येते. रुग्णालयातील सीटी स्कॅनचेच हे भावंड असून या प्रकारच्या यंत्राला अमेरिकेत प्रथम १९९४ च्या अखेरीस मान्यता मिळाली. घनता कळली तरी निष्कर्ष अंदाजाचाच राहतो, फक्त अंदाज अधिक बारीक होतो.

दुसरी वाट सूक्ष्म अंशांच्या शोधाची आहे. बॅगेवरून किंवा हातावरून कापडी पट्टी फिरवून ती यंत्रात सरकवली जाते, तेव्हा पट्टीवरील कण तापवून त्यांची वाफ केली जाते, तिला विद्युतभार दिला जातो आणि हे भारित कण, म्हणजे आयन, विद्युतक्षेत्र असलेल्या नळीतून पलीकडे पोहोचायला किती मिलिसेकंद घेतात ते मोजले जाते. नॅनोग्रॅमएवढे, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाएवढे, अंश या रीतीने पकडता येतात. हवेत नुसते नाक खुपसून सर्व स्फोटके ओळखता आली असती तर पट्टी फिरवण्याची गरजच पडली नसती. परंतु बाष्पदाब, म्हणजे पदार्थाची आपोआप वाफ होण्याची प्रवृत्ती, आरडीएक्ससारख्या स्फोटकांत इतकी क्षीण असते की सामान्य तापमानाला हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम काही भाग असतात. याच कारणाने १ मार्च १९९१ रोजी माँट्रियल येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्यानुसार प्लॅस्टिक स्फोटके बनवतानाच त्यांत सहज उडणारे खूण-रसायन मिसळणे बंधनकारक झाले; भारतही त्या करारात सहभागी आहे. यंत्रे आली म्हणून श्वानपथके कालबाह्य झाली, हेही म्हणूनच खरे नाही. श्वान गर्दीत वासाच्या उगमाकडे स्वतः चालत जातो, जे कोणतेही यंत्र अद्याप त्या सहजतेने करत नाही. मात्र तो थकतो, त्याला विश्रांती व सततचा सराव लागतो, आणि काय हुंगले याची नोंद त्याच्याकडून मिळत नाही.

यंत्राने इशारा दिला की माणूस संशयित, ही समजूत केवळ चुकीची नाही, ती अन्यायकारक आहे, आणि जामच्या परिसरात तिचे भान विशेष हवे. हृदयविकारावर दिली जाणारी नायट्रोग्लिसरीनची गोळी हे रसायनदृष्ट्या स्फोटकच असते. कपाशीवर आणि संत्राबागांवर फवारले जाणारे, दुकानात १३:००:४५ या आकड्यांनी मागितले जाणारे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असून नायट्रेट हा अनेक तपास-यंत्रांच्या शोधयादीतला घटक आहे. कोळसाखाणीत सुरुंग भरणाऱ्या कामगाराच्या हातावर किंवा बुटांवर तर अमोनियम नायट्रेटवर आधारित स्फोटकाचे खरेखुरे कण असू शकतात, म्हणजे तेथे यंत्राचा इशारा रसायन म्हणून बरोबर आणि माणूस मात्र संपूर्ण निर्दोष असतो. म्हणूनच पहिल्या इशाऱ्यानंतर दुसऱ्या तत्त्वावरची तपासणी, चौकशी आणि सामान उघडून पाहणे अशी उतरंड ठेवलेली असते, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर प्रवाशाशी सभ्यतेने वागणे हा कार्यपद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

येथे थोडे गणित करून पाहणे उपयोगी ठरेल. समजा, एका विमानतळावर दिवसाला १०,००० बॅगा तपासल्या जातात आणि यंत्र शंभरातील एका निर्दोष बॅगेवर खोटा इशारा देते, तर रोज सुमारे १०० बॅगा पुन्हा तपासाव्या लागतील, आणि वर्षानुवर्षे त्यांपैकी एकीतही स्फोटक निघणार नाही. यंत्र अधिक संवेदनशील करावे तर खोटे इशारे वाढतात, ते कमी करावेत तर खरे स्फोटक निसटण्याची भीती वाढते. पडद्यासमोर बसलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाला दिवसभर खोटेच इशारे मिळत राहिले तर खऱ्या इशाऱ्याकडेही तो सवयीने पाहू लागण्याचा धोका असतो. ‘आमचे यंत्र शंभर टक्के स्फोटके पकडते’ एवढेच सांगणारा प्रस्ताव अनुभवी परीक्षक यासाठीच बाजूला ठेवतात. सोबत खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण आणि प्रत्येक बॅगेला लागणारा वेळ सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नसतो.

दुरून, भिंतीआडून, खिशातल्या छोट्या उपकरणाने स्फोटक ओळखता येते, या समजुतीने तर जीव घेतले आहेत. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिक याने ‘एडीई ६५१’ नावाचे, मुठीला जोडलेल्या हलत्या कांडीचे उपकरण इराकला मोठ्या संख्येने विकले. त्याचा उगम गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या वस्तूत होता आणि त्याच्या आत शोधाचे कोणतेही साधन नव्हते. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, तरीही बगदादच्या नाक्यांवर ही कांडी २०१६ पर्यंत वापरात राहिली. स्वतंत्र परीक्षकाने नमुने कोठे ठेवले आहेत हे चालकाला न सांगता घेतलेली एक साधी चाचणी ही फसवणूक उघडी करण्यास पुरेशी होती. दुरून शोध अशक्य आहे असे मात्र नाही. पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून घडवलेले ‘रायडर-एक्स’ हे उपकरण २०१९ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय कार्यशाळेत मांडण्यात आले, आणि स्पर्श न करता काही अंतरावरून स्फोटक ओळखणे हा त्याचा उद्देश आहे. खऱ्या संशोधनाची ओळख अशी की ते किती अंतरावरून, कोणत्या पदार्थांसाठी आणि कोणत्या परिस्थितीत हे स्पष्ट सांगते.

असे काम मोठ्या परदेशी कंपन्यांनाच जमते, ही शेवटची आणि महाराष्ट्रातील तरुण संशोधकांना सर्वाधिक नाउमेद करणारी समजूत. मुंबईच्या आयआयटीत रुजलेल्या ‘नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज’ या नवउद्योगाने सूक्ष्मसंवेदकावर आधारलेले ‘नॅनोस्निफर’ हे यंत्र विकसित केले व एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते ते सादर झाले. नॅनोग्रॅमएवढे अंश १० सेकंदांच्या आत ओळखण्याची क्षमता त्याच्यासाठी सांगितली गेली. पुण्याच्या प्रयोगशाळेची रंगबदलावर चालणारी स्फोटक-ओळख पेटी त्याहूनही साधी असून ती परदेशी बाजारातही पोहोचली. अडचण खरी आहे ती नमुन्यांची, कारण खऱ्या स्फोटकांवर प्रयोग करायला परवाना, सुरक्षित जागा आणि प्रशिक्षित माणसे लागतात. त्यावर दोन मार्ग आहेत: गुणधर्माने स्फोटकासारखे पण न फुटणारे प्रतिरूप पदार्थ वापरणे, किंवा परवानाधारक संस्थेशी भागीदारी करणे. संशोधनाचे तत्त्व प्रसिद्ध करता येते. यंत्र कोणत्या मर्यादेखाली चुकते ते आकडे मात्र गोपनीय ठेवावे लागतात, आणि दोहोंतील सीमा प्रस्तावातच आखलेली बरी.

या दृष्टीने वर्धा-नागपूर-चंद्रपूर पट्ट्याकडे जे आहे ते फार थोड्या ठिकाणी आढळते. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व स्फोटके नियंत्रणाचे मुख्यालय, रस्त्याच्या एका टोकाला खाणी, दुसऱ्या टोकाला विमानतळ आणि मधल्या पट्ट्यात नायट्रेटयुक्त खते हाताळणारी शेतकरी कुटुंबे, असा हा प्रदेश आहे. येथील प्रवाशांच्या हातांवर, कपड्यांवर व सामानावर नायट्रेटचे आणि खाणस्फोटकांचे किती अंश स्वाभाविकपणे असतात, ते कोणत्या हंगामात वाढतात, धुतल्यावर किती टिकतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर व कापसाच्या हंगामातील धुळीत संवेदकाचे वाचन कितपत ढळते, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही आयात यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेली नसतात. ती प्रवाशांच्या संमतीने, नाव न नोंदवता, दोन-तीन हंगाम नमुने घेऊनच मिळवावी लागतील, आणि त्यासाठी महागड्या यंत्रापेक्षा स्वच्छ पट्ट्या, एक चांगली रसायनशाळा आणि चिकाटीने काम करणारे विद्यार्थी अधिक लागतील.