मोदक समोर, हात मागे

गणेश चतुर्थीची दुपार. उकडीच्या मोदकांचं ताट देवापुढे, वर साजूक तुपाची धार, आणि शेजारी चार वर्षांचं पोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं. आरती लांबतेय. त्याची नजर मोदकावर, मग आजीवर, परत मोदकावर. आजी डोळ्यांनीच सांगते, आधी बाप्पाला! आणि पोर थांबतं. ही लहानसहान गोष्ट नव्हे. पुढे नोकरीत, धंद्यात, संसारात जे आत्मनियमन पदोपदी लागतं, त्याचा श्रीगणेशा तो हाच.

ढग समजून बघ!
अमेरिकेत याच प्रसंगाचा प्रयोग झाला, फक्त मोदकाच्या जागी मार्शमॅलो होता. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरी स्कूलमधल्या मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता हवा तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन! गंमत अशी, की जास्त वेळ टिकलेली मुलं दात-ओठ खाऊन त्या खाऊकडे टक लावून बसली नव्हती. कुणी डोळे झाकले, कुणी गाणं म्हटलं, कुणी पाठ फिरवली. 'हा खाऊ नाही, गुबगुबीत ढग आहे असं समज,' एवढं सांगितलं तरी मुलांचा धीर वाढायचा. म्हणजे निग्रहाच्या जोरावर नव्हे, युक्तीच्या जोरावर पोरं जिंकत होती. मोठ्यांचंही तसंच आहे. फरसाणाचा डबा ओट्यावरून उचलून माळ्यावर टाका, निम्मं काम तिथेच झालं.

पंगतीचं शिक्षण
कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या मुलांपुढे त्यांचा आवडता तळलेला गोड 'पफ-पफ' ठेवला, तेव्हा सुमारे 70 टक्के मुलं शेवटपर्यंत थांबली. काही तर वाट बघता बघता चक्क झोपली! त्याच प्रयोगात जर्मन मुलांपैकी 30 टक्केही टिकली नाहीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास याहून बोलका आहे. जपानी मुलं खाण्यासाठी खूप वेळ थांबली, पण गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी तेवढी नाही. अमेरिकी मुलांचं नेमकं उलट. कारण साधं आहे. जपानी घरात सगळ्यांचं वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही, आणि अमेरिकी घरात नाताळची भेट नाताळच्या दिवसापर्यंत उघडत नाहीत. सवय जिथली, संयम तिथला. सगळी पानं वाढून, श्लोक म्हणून झाल्यावरच पहिला घास घ्यायचा, ही आपली पंगतीची रीत नुसती रीत नव्हती, तालीम होती. ती मोडू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नाव घ्या, स्वतःचं
मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलाय, पोटात गोळा आलाय. 'मी का घाबरतोय?' असं विचारण्याऐवजी 'सुनील, तू का घाबरतोयस?' असं विचारून बघा. मिशेल यांचेच विद्यार्थी ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं, की मनातल्या मनात स्वतःला नावाने हाक मारली की ताण हलका होतो आणि समोरचं काम अधिक चांगलं वठतं. आपल्याला याचं नवल वाटू नये. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ऐकत आपण मोठे झालो. अभंगातल्या त्या मुद्रेचा हेतू वेगळा, पण एक पाऊल मागे सरून स्वतःकडे बघण्याचा तो सूर आपल्या कानात कधीचा आहे.

न पाठवलेलं पत्र
जुलै 1863. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही जनरल मीड यांनी शत्रूचं सैन्य निसटू दिलं, म्हणून अब्राहम लिंकन संतापले. त्यांनी मीडना खरमरीत पत्र लिहिलं. ते पाठवलं मात्र नाही, त्यावर सही केली नाही, आणि तशी नोंद पाकिटावर करून ते ठेवून दिलं. साहेबावर किंवा सहकाऱ्यावर भडकून मेल लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. जीमेलमध्ये पाठवलेली मेल थांबवायला मुळात 5 सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन ती मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. वाचून झाल्यावर लगेच वाढवा.

कासव हो!
आपल्याकडे कित्येक देवळांत देवापुढे जमिनीत दगडी कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञही कासवासारखाच इंद्रियं आत ओढून घेतो. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये रागीट मुलांसाठी जी युक्ती निघाली, तिचं नाव काय? कासव! राग आला की हात अंगाशी घ्यायचे, मान खाली घालायची, श्वास घ्यायचा, विचार करायचा, आणि मगच बाहेर यायचं.

21 नव्हे, 66
21 दिवसांत सवय लागते, हे एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या पुस्तकातून पसरलेलं गणित आहे. त्यांनी लिहिलं होतं ते रुग्णाला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणाऱ्या वेळाबद्दल! लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी खचू नका.

19 ओळींचा कागद
वडिलांकडून मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी आणि नंतर वाचायची 19 मुद्द्यांची यादी केली. त्यातला एक मुद्दा, खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगणं. जगातल्या 8 रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. वीस वर्षं मुरलेला सर्जनही आठवणीच्या भरवशावर न राहता कागद वाचतो. मला हा आत्मनियमनाचा सर्वांत देखणा नमुना वाटतो.

आणि सर्वांत हळवा नमुना क्रेयॉनचा. रोचेस्टर विद्यापीठात 28 मुलांना आधी चित्र काढायला बसवलं. 'थांब, याहून छान रंग आणते,' असं सांगून बाई बाहेर गेल्या. निम्म्या मुलांना छान रंग मिळाले; निम्म्यांना 'सॉरी, नाहीत आपल्याकडे' एवढंच ऐकायला मिळालं. मग मार्शमॅलो ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवली गेलेली 3 मिनिटं. त्या मुलांच्यात कमी काहीच नव्हतं. थांबून मिळत नाही, हे ती नुकतीच शिकली होती, इतकंच.

म्हणून मोठ्यांना एक विनंती. 'संध्याकाळी बागेत नेईन' असं पोराला म्हटलं असेल, तर आज संध्याकाळी न्या. आणि हाताखालच्या माणसाला मार्चमध्ये पगारवाढ कबूल केली असेल, तर ती मार्चमध्येच द्या.