जेन्युइन आणि ऑथेंटिक

जुन्या कागदांच्या परीक्षणांत ‘अस्सल’ हा एकच शब्द आम्ही इतक्या कामीं लावतों कीं, दोन निराळ्या शंका त्याखालीं झांकून जातात. कागद ज्याचा म्हणवितो त्याचाच आहे काय, ही एक. आंतील मजकूर खरा आहे काय, ही दुसरी. इंग्रजींत यांसाठीं ‘जेन्युइन’ व ‘ऑथेंटिक’ हे शब्द कांहीं ग्रंथकारांनीं आग्रहानें वेगळे राखिले.

लँडाफचे बिशप रिचर्ड वॉटसन यांनीं १७९६ सालीं टॉमस पेन यास उत्तर लिहितांना हा भेद मांडिला. ग्रंथावर ज्याचें नांव त्यानेंच तो लिहिला असेल तर जेन्युइन. घडलें तसेंच सांगितलें असेल तर ऑथेंटिक. सामानाझार यानें १७०४ सालीं फॉर्मोसा बेटाचें वर्णन छापिलें. ग्रंथ त्याचाच, पण बेट त्यानें पाहिलेंच नव्हतें, तेथील म्हणून दिलेली लिपीहि मनानें रचिली. अर्थात् जेन्युइन खरा, ऑथेंटिक नव्हे. (सामानाझार हें नांवहि घेतलेलेंच होतें, तेव्हां हें उदाहरण वाटतें तितकें निर्वेध नाहीं!) उलट ॲन्सनच्या जगप्रदक्षिणेचा १७४८ चा वृत्तांत वॉल्टर पाद्र्याच्या नांवें निघाला. वॉटसन यांच्या मतें तो रॉबिन्सनें लिहिला, हकीकत मात्र बहुतांशीं खरी.

तथापि ही व्याख्या सर्वत्र लावून चालत नाहीं. ‘जेन्युइन’ हा लॅटिन शब्द, मूळ अर्थ जन्मजात. ग्रीकांतून आलेल्या ‘ऑथेंटिक’ शब्दाचा ओढा अधिकाराकडे आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५४६ सालीं व्हल्गेट बायबल ऑथेंटिक ठरविलें, तें प्रमाण म्हणून. पोथी कोणाच्या हातची, हा प्रश्नच नव्हता. हल्लींचे संग्रहालयवाले तर चित्र त्याच चिताऱ्याचें असलें कीं त्यास ऑथेंटिक म्हणतात, म्हणजे वॉटसन यांच्या नेमकें उलट. जुना इंग्रजी अभिप्राय वाचतांना लिहिणाराचा काळ पाहिल्यावांचून अर्थ करूं नये.

आमच्याकडे हा घोटाळा नकलेच्या बाबतींत विशेष नडतो. शिक्कामोर्तबाच्या पत्रांतहि शत्रूची फौज फुगवून लिहिलेली असूं शकते, आणि मागाहून केलेल्या नकलेंत खरी तारीख टिकून राहूं शकते. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीवर कर्त्याचें नांव नाहीं. म्हणजे वॉटसन यांची पहिली कसोटी तिला लागूच पडत नाहीं. तरी तींतील शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही मिति शिवभारताशीं जुळते, व तिचें वजन त्या जुळणींत आहे. संग्राहकांनीं यादींत ‘नक्कल’ एवढाच शेरा मारून रुमाल बाजूस सारण्यापूर्वीं मजकूर कशाशीं जुळतो, हेंहि टिपून ठेवावें.