उघड्या मोटारीचें छप्पर आणि त्यांतलें तेल



ज्या मोटारीचें छप्पर दुमडून मागें ठेवतां येतें, अशी मोटार आपण रस्त्यावर पाहिली असेल. चालक एक कळ दाबतो. मागच्या पेटीचें झांकण आपोआप उघडतें, कापडी छप्पर सांगाड्यासह उठतें, घडी घालून आंत निजतें आणि झांकण पुन्हां बसतें. पाहणारा म्हणतो, "विजेची करामत!" तें अर्धेंच खरें आहे. वीज फक्त एक लहानसा पंप फिरविते. प्रत्यक्ष भार उचलणारा हमाल म्हणजे त्या पंपानें ढकललेलें थोडेसें तेल होय. ह्या तेलाची निगा कशी राखावी, हा आजचा विषय आहे.

आरंभीं तेलाची गरज कां पडली तें पाहूं. १९३९ सालीं अमेरिकेंतील प्लिमथ गाडीचें छप्पर निर्वाताच्या जोरावर उघडत असे. परंतु निर्वाताला एक निसर्गसिद्ध मर्यादा आहे. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम. त्याहून अधिक जोर निर्वात देऊंच शकत नाहीं. तेलावर मात्र त्याच्या शंभरपट दाब सहज आणतां येतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम पास्काल ह्या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडला, आणि १७९५ सालीं जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिरानें त्याच नियमावर आपला दाबयंत्राचा पेटंट घेतला. दट्ट्याचें क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटर व तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅम असेल, तर तो बोटाएवढा दट्ट्या तीनशें किलोग्रॅमचा जोर करील. एवढी शक्ति इतक्या लहान जागेंत मावते, म्हणूनच ती छपराच्या सांध्यांत लपवितां येते.

ह्या योजनेचा उत्तम नमुना म्हणजे जर्मनीच्या मर्सिडीझ कारखान्यानें १९८९ सालीं बाजारांत आणलेली एस. एल. जातीची गाडी. तिच्या छपराच्या व्यवस्थेंत पंधरा सिलिंडर होते. छप्पर उघडण्यास सुमारें तीस सेकंद पुरत. एक सिलिंडर कुलूप सोडवी, दुसरा झांकण उचली, तिसरा सांगाडा ओढी. आणि एकाचें काम पुरें झाल्याशिवाय दुसऱ्यास आज्ञा मिळत नसे. अशा शिस्तीच्या फौजेंत एका शिपायानें कुचराई केली, तर सगळी पलटण वाटेंतच थांबते, आणि छप्पर धड उघडें नाहीं, धड मिटलेलें नाहीं अशा अवस्थेंत अडकतें. नेमक्या त्याच वेळीं पाऊस आला, तर काय दशा होईल, हें सांगावयास नको.

आतां निगेकडे वळूं. पहिलें काम म्हणजे तेलाची पातळी पाहणें. पंप व टांकी बहुधा सामानाच्या कप्प्यांत किंवा मागच्या बैठकीमागें असतात. पातळी कोणत्या स्थितींत पहावयाची, छप्पर उघडें असतां कीं मिटलेलें असतां, हें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें आणि तें तंतोतंत पाळावें. ह्याचें कारण सोपें आहे. सिलिंडरांतून दांडा बाहेर आला, म्हणजे त्यानें रिकामी केलेली जागा तेल भरून काढतें, आणि तेवढेंच तेल टांकींत कमी दिसतें. दांडा आंत गेला, कीं तें तेल टांकींत परत येतें. म्हणून चुकीच्या स्थितींत पातळी पाहून जो तेल ओततो, त्याची टांकी पुढच्याच खेपेस भरून वाहूं लागते, आणि गालिचा तेलानें भिजतो.

दुसरा प्रश्न, तेल कोणतें घालावें? येथें चूक झाली तर ती महागांत पडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कांहीं अमेरिकन गाड्यांत छपरासाठींही ब्रेकचेंच तेल वापरीत. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें, त्यामुळें आंतील लोखंड गंजतें. आणि रंगावर सांडल्यास रंग उठवितें. पुढें स्वयंचलित गिअरपेटीचें तेल व खास खनिज किंवा कृत्रिम तेलें आलीं. ह्या निरनिराळ्या कुळांच्या तेलांचें एकमेकांशीं जमत नाहीं. ब्रेकच्या तेलासाठीं बनविलेलें रबर खनिज तेलांत फुगून मऊ होतें; म्हणजे एका वाटीभर चुकीच्या तेलानें साऱ्या सिलिंडरांतील सील निकामी होऊं शकतात. फ्रान्सच्या सित्रोएन कारखान्यानें आपल्या डी. एस. गाडीसाठीं १९६६ सालीं ओलावा शोषणारें तांबडें तेल सोडून हिरवें खनिज तेल स्वीकारलें, तेव्हां त्याबरोबर सीलही बदलावे लागले. तथापि रंगावरून निर्णय करूं नये. कारण एका कारखान्याचा हिरवा तो दुसऱ्याचा हिरवा असेलच असें नाहीं. पुस्तकांत लिहिलेलें नांव व डब्यावरील नांव जुळलें, तरच डबा उघडावा.

तिसरी गोष्ट हवेची. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. म्हणून नळींत हवेचे बुडबुडे शिरले, कीं पंपाचा जोर बुडबुडे आकसण्यांतच खर्च होतो. छप्पर हिसके देत चालतें, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि टांकींत फेंस दिसतो. बऱ्याच गाड्यांत ह्यावर उपाय साधा आहे: टांकी योग्य पातळीस भरून छप्पर कांहीं वेळां पुरतें उघडावें व मिटावें, मध्यें विसांवा देऊन फेंस बसूं द्यावा, आणि पातळी पुन्हां पहावी. मात्र ओळीनें फार वेळां असें करूं नये. लहान मोटार लवकर तापते. बॅटरी अशक्त असल्यास इंजिन चालू ठेवावें, परंतु मोकळ्या हवेंत. बंद खोलींत धूर प्राणघातक ठरतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं हें तेल जळत नाहीं व आटत नाहीं. पातळी खालीं गेली, तर तेल कोठें तरी गळतेंच आहे. वरचेवर तेल घालून समाधान मानणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरीत राहणें होय. वर सांगितलेल्या एस. एल. गाडींत सिलिंडरांतील सील वयपरत्वें मऊ पडून झिजतात. समोरच्या कांचेवरच्या चौकटींतील कुलपाचे सिलिंडर गळूं लागले, म्हणजे तेलाचे थेंब थेट बसणाराच्या अंगावर पडतात. असे सिलिंडर काढून, नव्या पदार्थाचे सील बसवून पुन्हां कामास लावतां येतात. नवा सिलिंडर घेण्यापूर्वीं ह्या उपायाची चौकशी अवश्य करावी.

गळती शोधतांना मात्र दोन गोष्टी जिवापाड जपाव्यात. चालू पंपाच्या नळीवर बोट फिरवून गळती चांचपूं नये. सुईसारख्या छिद्रांतून उडणारी दाबाखालील तेलाची धार कातडी भेदून आंत शिरूं शकते; जखम टिपक्याएवढी दिसली तरी परिणाम भयंकर होतो, आणि अशा वेळीं क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें लागतें. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरला, तर डाग आपोआप उमटतो. दुसरें असें, कीं छप्पर अधांतरीं असतां कोणतीही नळी सोडूं नये. त्या वजनाला तेलाचाच आधार असतो. तो गेला, कीं सांगाडा खालीं येतो, आणि त्याच्या कातरीसारख्या सांध्यांत सांपडलेलें बोट वांचत नाहीं. मुलांना तर ह्या कामाच्या जवळपासही फिरकूं देऊं नये.

सर्वच गाड्यांना हा व्याप नसतो. २००६ सालीं आलेल्या माझ्दा एम. एक्स. ५ गाडीचें कडक छप्पर केवळ विजेच्या मोटारींनीं हलत असे. तेथें तेलाचा प्रश्नच नाहीं. म्हणून प्रथम आपल्या गाडीची जात ओळखावी. तेलाची असेल, तर महिन्यांतून एकदां छप्पर पुरतें उघडून मिटावें, म्हणजे सील ओले राहतात. वर्षांतून दोनदां पातळी पहावी. तेल काळवंडलें किंवा गढूळ झालें, तर बदलावें, आणि काढलेलें तेल गटारांत न ओततां जुनें तेल घेणाऱ्याच्या स्वाधीन करावें. छप्पर हातानें मिटण्याची रीतही कोरड्या दिवशीं, घाई नसतांना, पुस्तक समोर ठेवून एकदां शिकून घ्यावी. पावसाची पहिली सर अंगावर आल्यावर पुस्तकाचीं पानें उलटीत बसण्यापेक्षां, अगोदरच्या एका निवांत सकाळीं केलेली ही तयारी पुष्कळ स्वस्त पडते.