खरादासाठी लाकूड : गौतमपुरा ते बुधनी

इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलीतील गौतमपुऱ्याचे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याशी जोडले जाते. बाहेरच्या जगाला मात्र ते ठाऊक आहे ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीचा ‘कलगी’ या दोन दलांत होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे. हिंगोट म्हणजे मराठीतील हिंगणबेट. या काटेरी झाडाचे फळ पोखरून व वाळवून त्यात दारू भरतात आणि बांबूची काडी बांधून ते पेटवून फेकतात. फळाचा एवढा दरारा असताना लाकडाची फारशी विचारपूस होत नाही हे नवलच, कारण फिकट पिवळसर, कठीण आणि बारीक पोताचे हे लाकूड आफ्रिकेत चमचे, काठ्या आणि अवजारांच्या मुठी यांसाठी नावाजलेले आहे.

खराद म्हणजे लेथ, आणि त्यावर फिरत्या लाकडाला पटाशीने आकार देणारा तो खरादी, मराठीत कातारी. त्याला हवे असतात वीतभर तुकडे, तर वखारीचा व्यवहार चालतो घनफुटावर, चौकटी-दारांच्या हिशेबाने. 6 इंच लांबी-रुंदीचा आणि 3 इंच जाडीचा, एका वाटीपुरता ठोकळा 108 घनइंच, म्हणजे घनफुटाचा नेमका सोळावा भाग भरतो. हे गणित आधी मांडले, तर तुकड्याला सांगितलेला भाव वाजवी की अवाच्या सवा, ते जागेवरच उमजते.

माळव्याला जवळचा खरादींचा गाव म्हणजे सिहोर जिल्ह्यातील, नर्मदेच्या उत्तर तीरावरची बुधनी. तेथील खेळणी ‘दुधी’च्या लाकडाची असतात, मराठीत हे झाड काळा कुडा. कर्नाटकातील चन्नपट्टणची आणि आंध्रातील एटिकोप्पाकाची खेळणीही याच लाकडाची, कारण त्याचा रंग हस्तिदंतासारखा पांढुरका, रेषा दाट व एकसारखी, आणि त्यावर लाख उत्तम चढते. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पृष्ठभागावर पसरते. नावांचा घोळ मात्र येथे पदोपदी होतो : दुधाळ चीक गळणारी अनेक झाडे ‘दुधी’ म्हणून ओळखली जातात, औषधी पांढरा कुडाही त्यांत मोडतो, आणि म्हणून केवळ नावावर भरवसा न ठेवता पान, साल किंवा निदान लाकडाचा कापलेला भाग पाहणे इष्ट.

त्याहून मोठा प्रश्न ओलाव्याचा. पेशींच्या भित्तिकांत मुरलेले पाणी जाऊ लागले, म्हणजे आर्द्रता साधारण 30 टक्क्यांच्या खाली आली, की लाकूड आक्रसू लागते, आणि वर्षवलयांच्या वळणाने ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आक्रसते. गोल वाटी लंबगोल होते व उभे खांड टोकाकडून तडकते ते यामुळेच. टोकांना मेण लावून सुकवण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने निघून जाते. पारख सोपी आहे : 100 ग्रॅमची चकती भट्टीत 103 अंश सेल्सिअसला, वजन स्थिरावेपर्यंत ठेवावी, ती 80 ग्रॅम भरली, तर उडालेले 20 ग्रॅम पाणी कोरड्या वजनाच्या 25 टक्के होते, आणि असे लाकूड विक्रेता ‘सुके’ म्हणत असला तरी ते ओलेच समजावे.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी टाळण्याजोगा नाही. 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 41 अन्वये लाकडाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे, आणि मध्य प्रदेशने 2000 मध्ये तसे नियम केले. ‘टीपी’ म्हणून ओळखला जाणारा वाहतूक परवाना त्याच व्यवस्थेतला. सागवान किंवा शिसव घेताना त्याची चौकशी करून पक्की पावती जपावी. परदेशी विक्रीचा बेत असल्यास आणखी एक गोष्ट : शिसवाचा वंश 2017च्या जानेवारीपासून वन्यजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे.

जुन्या घरांच्या उतरवलेल्या सागवानी तुळया हा स्वस्त आणि चांगला मार्ग, कारण त्या वर्षानुवर्षे छपराखाली वाळलेल्या असतात. मात्र आत मोडून राहिलेला खिळा पटाशीची धार क्षणात घालवतो, म्हणून खरादावर चढवण्यापूर्वी तुळईच्या चारही बाजूंवरून लोहचुंबक सावकाश फिरवावे.