धडधाकट माणूस अचानक जातो तेव्हा



आजचा विषय जड आहे. पण लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर या आपल्या पट्ट्यात बचत गटाची बैठक भरली की कधी ना कधी तो निघतोच. तिशी-पस्तिशीचा माणूस. सकाळी डेअरीला दूध घालून आला, दिवसभर कामावर होता, रात्री जेवून झोपला आणि उठलाच नाही. ताप नाही, खोकला नाही, दवाखान्याची फाईल नाही. कुठे भरतीसाठी पळायला गेलेला मुलगा रस्त्यातच कोसळतो. कुठे बाळंतपणाला महिनाही न झालेली सून धाप लागून तासाभरात जाते.

म्हातारं माणूस गेलं की आपण रडतो, पण मन कुठेतरी तयार असतं. इथे तसं नसतं. आणि मनाला कारण सापडलं नाही की जीभ दोष शोधायला लागते. दुखवट्याला बसल्या बसल्या कुजबुज सुरू होते. सुनेचा पायगुणच तसा. आईनं वेळेवर लक्ष दिलं नाही. कुणीतरी करणी केली. कोरोनाची लस घेतली होती ना, तिचंच हे फळ.

आज मी दोनच गोष्टी बोलणार आहे. असं का होतं, आणि असं घडलेल्या घरासाठी आपण बायकांनी काय करायचं.

आधी लसीचं बोलू, कारण तो प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे. 'बालिका वधू' मालिकेतून घराघरात पोचलेला सिद्धार्थ शुक्ला २ सप्टेंबर २०२१ रोजी मुंबईत गेला. वय ४०. पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला, कन्नड सिनेमाचा लाडका नट पुनीत राजकुमार बंगळुरूत गेला. वय ४६. दोघंही व्यायाम करणारे, अंगानं तगडे. तेव्हा देशभर लसीकरण जोरात चालू होतं, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. आपल्याला तर ही लस परकी नव्हतीच. कोव्हिशील्ड बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आपल्या शेजारी हडपसरलाच आहे.

म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, याचा नीट अभ्यास केला. १८ ते ४५ वयाचे, आधी कुठला आजार माहीत नसलेले आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक गेलेले लोक त्यांनी घेतले. १९ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतली ४७ मोठी रुग्णालयं यात होती. अशा ७२९ मृत्यूंची माहिती घेतली. मग प्रत्येक मृत माणसामागे त्याच वयाची, त्याच वस्तीतली चार जिवंत माणसं शोधली आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. लस घेतली होती का? दारू किती? घरात असं कुणी गेलंय का? आपण दोन शेतांतलं पीक शेजारी ठेवून बघतो ना, एकात असं काय झालं जे दुसऱ्यात झालं नाही, तसंच हे.

उत्तर असं आलं. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूचा धोका कमी दिसला. धोका जास्त कुणात दिसला? कोरोनात ज्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं त्यांच्यात. ज्यांच्या घरात आधी कुणी असंच अचानक गेलं होतं त्यांच्यात. मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत, नशेचे पदार्थ घेणाऱ्यांत, आणि त्याच दोन दिवसांत अंगाला फार ताण देणारे कष्ट किंवा व्यायाम केलेल्यांत.

लसीचा एक अतिशय दुर्मिळ त्रास जगभर नोंदला गेला, हेही खरं आहे. डोस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा तो त्रास होता. पण दोन-चार वर्षांनी कुणी कोसळलं तर त्याचं खापर लसीवर फोडून आपण खऱ्या कारणाकडे पाठ फिरवतो.

मग खरी कारणं कोणती? सगळ्यांत जास्त आढळतो तो हृदयविकाराचा झटका. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर साचतो, तो फुटतो, गुठळी होते आणि रक्त अडतं. आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका इतर अनेक देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, असं जगभरच्या तुलनेत दिसलंय. तंबाखू, बिडी, वाढलेलं ब्लडप्रेशर, साखर ही त्याची मुळं. ब्लडप्रेशर आणि साखर वर्षानुवर्षं दुखत नाहीत, खुपत नाहीत. म्हणून माणूस 'धडधाकट' दिसतो. मैत्रिणींनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे आपण विसरतो.

दुसरं कारण जन्मजात. काहींच्या हृदयाचा स्नायू जाड असतो, काहींच्या ठोक्यांची लय मध्येच बिघडते. हे आईवडिलांकडून मुलांत येऊ शकतं. पळताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडणं ही त्याची खूण असू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला असं एकदा जरी झालं तरी 'उन्हानं झालं' म्हणून सोडू नका. पुन्हा पळायच्या आधी त्याचा ईसीजी काढून घ्या.

तिसरं कारण फुप्फुसात अडकलेली गुठळी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, एकाएकी धाप लागली, तर शेक-मालीश करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. चौथं कारण मेंदूत रक्तस्राव.

ही कारणं कळून गेलेला माणूस परत येणार आहे का, असं तुम्ही म्हणाल. नाही येणार. पण त्याचा भाऊ आहे, बहीण आहे, लेकरं आहेत. कारण कळलं तर त्यांचा जीव वाचू शकतो.

म्हणून पोस्टमॉर्टेमला घाबरू नका. 'देहाची विटंबना नको' म्हणून बरीच घरं नकार देतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्या घडीला डोकं चालत नाही. पण शेजारच्या जाणत्या बाईनं शांतपणे सांगावं की हे सरकारी रुग्णालयात होतं, देह सन्मानानं परत मिळतो आणि खरं कारण समजायची ती मोठी संधी असते. अहवालाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. कधी कधी पोस्टमॉर्टेममध्येही कारण सापडत नाही, कारण ठोक्यांची लय बिघडल्याची खूण मागे राहत नाही. तरीसुद्धा आईवडील, भावंडं आणि मुलं यांनी डॉक्टरांना 'आमच्या घरात असा मृत्यू झालाय' हे सांगून ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, याबद्दल विचारावं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं ब्लडप्रेशर आणि साखर तपासावी. आरोग्य केंद्रात ती फुकट तपासली जाते.

कुणी डोळ्यांसमोर कोसळलं तर काय करायचं, तेही सांगते. हाक मारून, खांदे हलवून माणूस हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकीनं १०८ ला फोन लावायचा. दुसरीनं छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून जोरात दाबायचं, दोन इंच खाली जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, तोंडात पाणी ओतणं यात वेळ घालवू नका. आणि माणूस शुद्धीवर असताना छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, जबडा किंवा हात दुखतोय, असं म्हणाला तर 'पित्त झालंय' म्हणून सोडा पाजून झोपवू नका. बायकांना कधी छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं. तीही तीच खूण असू शकते.

आता घराकडे येऊ.

अचानक मृत्यूनंतर मागे राहिलेल्या बाईच्या मनात एकच चक्र फिरतं. 'मी त्याला जाऊ द्यायला नको होतं. रात्री कूस बदलली तेव्हा उठून बघायला हवं होतं.' हे सगळ्यांनाच होतं. झोप न लागणं, चिडचिड, देवावर राग, कधी काहीच न वाटणं, हे सगळं दुःखच असतं. तिला 'रडू नकोस, लेकरांकडे बघ' असं म्हणू नका. 'देवाची इच्छा' हेही लगेच नको. तिच्याजवळ बसा, गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी तिला सांगू द्या. आणि स्पष्ट शब्दांत म्हणा, 'बाई, यात तुझी चूक नाही.' सासूसमोर म्हणा, दिरांसमोर म्हणा. चारचौघींत बोललेलं हे वाक्य त्या घरात फार दिवस टिकतं. आणि सासूचाही लेक गेलाय, तिलाही जवळ घ्या.

तरुण विधवेवर आणखी एक घाव आपणच घालतो. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. आधीच कोसळलेल्या बाईला चारचौघांत पुन्हा कोसळवायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीचा ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही हेरवाडसारखं पाऊल उचलायला सांगितलं. ठराव नसला तरी आपलं अडत नाही. तिच्याभोवती बसलेल्या बायकांनी हात आखडता घेतला की प्रथा तिथेच थांबते. आणि पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा.

लेकरांना खरं सांगा. 'पप्पा गावाला गेलेत', 'झोपलेत' असं सांगितलं तर मूल वाट बघत राहतं, नाहीतर झोपायलाच घाबरतं. 'पप्पांचं हृदय बंद पडलं, ते परत येणार नाहीत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आम्ही तुझ्याजवळ आहोत.' एवढं पुरतं. घरातल्या पुरुषांकडेही बघा. न रडणारा बाप किंवा भाऊ आतून तुटलेला असतो, आणि बरेचदा बाटलीकडे वळतो.

कागदांचं काम गटानं वाटून घ्यावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. गेलेल्याचं पासबुक बघा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले, तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा असण्याची शक्यता आहे. त्यात आजारानं किंवा झटक्यानं मृत्यू झाला तरी वारसाला दोन लाख मिळतात. पैसे कापलेत हे घरच्यांना माहीतच नसतं, आणि दावा राहून जातो. २० रुपयांचा सुरक्षा विमा फक्त अपघाताचा असतो, झटक्याला तो लागू होत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. निराधार विधवेसाठी संजय गांधी योजना आहे. या दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात करा. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे, तिची माहिती महिला व बालविकास कार्यालयात मिळते. सही करण्याआधी प्रत्येक कागद तिला वाचून दाखवा. त्या दिवसांत कोऱ्या कागदावर अंगठा घेणारेही भेटतात.

दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे जातात. चटया गुंडाळल्या जातात. खरा एकटेपणा तिथून सुरू होतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणीत मुक्कामाला येते, तेव्हा कुणी भाकरी करायच्या, कुणी पाणी भरायचं, हे आपण न सांगता वाटून घेतो. तशीच पाळी या घरासाठी लावा. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी. एकीनं डबा न्यावा, एकीनं लेकरांचा अभ्यास बघावा. दोन-तीन महिने तिचा गटाचा हप्ता पुढे ढकलायचा ठराव बैठकीतच करा, म्हणजे तिला तोंड उघडून मागावं लागणार नाही. पहिली दिवाळी, लग्नाची तारीख, वर्षश्राद्ध हे दिवस वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी कुणीतरी तिच्याकडे जावं.

काही महिने उलटले तरी ती जेवत नसेल, लेकरांकडे बघत नसेल, किंवा 'मलाही जायचंय त्याच्याकडे' असं एकदा जरी म्हणाली, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या.

या आठवड्याच्या बैठकीत दोन कामं करा. गटातल्या प्रत्येकीच्या घरी गेल्या पाच-दहा वर्षांत असं कुणी तरुण अचानक गेलंय का, हे विचारा आणि त्या घरातल्या मोठ्यांचं ब्लडप्रेशर, साखर आणि ईसीजी कधी करायचं ते ठरवा. छाती दाबण्याची पद्धत प्रत्यक्ष शिकवायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंना बोलवा. आणि तसं घर तुमच्या आळीत असेल, तर बैठक संपल्यावर घरी जाण्याआधी तिच्या दारात जरा थांबून या.