चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी

कळवणच्या एका मेडिकलमध्ये एक शेतकरी आईसाठी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या न्यायला आला. ‘‘मधेच आठवडाभर बंद कशाला?’’ दुकानदाराने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चौदा चौकोनांवर खुणा केल्या, सात कोरे ठेवले.

आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात हे औषध साधारणपणे १४ दिवस, दिवसातून दोनदा घेतात. मग ७ दिवस विश्रांती, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दोन वेळांत सुमारे १२ तासांचं अंतर. कांदा काढणीच्या दिवसांत घड्याळ कोण बघतं? त्यापेक्षा न्याहारी आणि रात्रीच्या भाकरीशी गाठ मारलेली बरी.

राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नसते.

तळहात-तळपाय लाल होऊन जळजळू लागले किंवा जुलाब थांबेनात, तर सोसत न बसता डॉक्टरांना फोन करायचा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर तेही आधीच सांगायचं.

शेजाऱ्याचं वेळापत्रक मात्र उसनं घेऊ नये. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरची इमॅटिनिब रोजच, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घेतात.

‘‘आईची गोळी चहासोबत चालेल?’’ शेतकऱ्याने विचारलं.

‘‘पाण्यासोबतच, दादा. अजून काय विचारायचंय?’’