महागड्या मेक्सिकन ताटातली पोळी आणि चिमूटभर चुना

मेक्सिको सिटीच्या पोलांको भागात पुजोल नावाचं रेस्टॉरंट आहे. एन्रिके ओल्वेरा या शेफने ते 2000 साली सुरू केलं. 2024 मध्ये मिशेलिन गाइडची मेक्सिकोसाठीची पहिली आवृत्ती आली, तेव्हा अख्ख्या देशात फक्त दोन ठिकाणांना दोन-दोन तारे मिळाले, त्यातलं हे एक. (दुसरं किंतोनिल, तेही पोलांकोतच.) आधी बुकिंग लागतं, जेवण ठरलेल्या कोर्सेसचं असतं आणि त्या एका बिलात माझं महिन्याचं मेसचं बिल आरामात निघेल. म्हणजे मी तिथे जेवलेली नाही, हे सांगून टाकते. पण तिथल्या एका पदार्थाचा फोटो माझ्या लॅबच्या डेस्कवर चिकटवलेला आहे.

त्या पदार्थाचं नाव मोले माद्रे. ताटलीत जवळजवळ काळ्या रंगाच्या मोलेचं मोठं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध विटकरी रंगाच्या ताज्या मोलेचं छोटं वर्तुळ. बस्स. ना मांस, ना भाजी. मोले म्हणजे सुक्या मिरच्या, दाणे, तीळ, मसाले, फळं असं बरंच काही भाजून, वाटून, शिजवून केलेला दाट रस्सा. आपल्याकडच्या काळ्या वाटणाचा लांबचा भाऊ म्हणा. बाहेरचा काळा मोले हजारापेक्षा जास्त दिवस जपलेला असतो. तो पुन्हापुन्हा तापवतात आणि त्यात नवा मोले मिसळत राहतात. हे खायचं कशाशी, तर गरम तोर्तियाशी. चमचासुद्धा लागत नाही.

या ताटलीबद्दल लिहिणारे सगळे मोलेबद्दल लिहितात. हजार दिवस म्हटलं की कुणीही थबकणारच! माझं लक्ष मात्र बाजूच्या पोळीवर असतं, कारण माझी पीएचडी धान्याच्या सालीतल्या रासायनिक बंधांवर आहे, आणि त्या बंधांचं इतकं चांगलं प्रात्यक्षिक मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तुम्ही कधी मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी थापली आहे का? कडा फाटतात, मध्ये चिरा पडतात, आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे झाले नाहीत तर नशीब. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन तयार होत नाही. ज्वारीतही नाही, म्हणून आपण पीठ उकळत्या पाण्यात भिजवतो. त्यातला थोडा स्टार्च फुलून चिकट होतो आणि भाकरी धरून ठेवतो. आता तोर्तिया बघा. तीही मक्याचीच, तिच्यातही ग्लुटेन नाही. तरी ती कागदासारखी पातळ होते, घडी घातली तरी मोडत नाही आणि तव्यावर टम्म फुगते. फरक कशाने पडला? चुन्याने.

चुना म्हणजे अक्षरशः पानाला लावतो तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण 10 ग्रॅम. मका चुन्याच्या पाण्यात उकळीच्या जरा खालीच शिजवायचा, मग आच बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पाणी पिवळंधमक आणि बुळबुळीत झालेलं असतं. ते ओतून द्यायचं, दाणे चोळून धुवायचे आणि ओलेच वाटायचे; पूर्वी पाट्यावर, आता दगडी गिरणीत. या भिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, त्यातला पहिला भाग राखेसाठी. कारण चुन्याऐवजी लाकडाची राखही चालते, अल्कली मिळाल्याशी कारण. ही पद्धत किमान तीन हजार वर्षं जुनी आहे.

रात्रभरात भांड्यात काय घडतं? मक्याच्या सालीत हेमिसेल्युलोज नावाच्या साखळ्या असतात आणि फेरुलिक आम्ल त्या साखळ्यांना जागोजागी टाके घालून ठेवतं. हे टाके एस्टर प्रकारचे. पाण्यात कितीही उकळा, फारसे उसवत नाहीत. अल्कलीपुढे मात्र टिकत नाहीत. टाके उसवले की साल सुटते, तिचा काही भाग डिंकासारखा होतो आणि पिठाला बांधून ठेवायला मदत करतो. आतला स्टार्च थोडासाच फुलतो, पूर्ण शिजत नाही. कॅल्शियम दाण्यात शिरतं आणि पिठाची पकड वाढवतं. (लॅबमध्ये हेच मी सोडियम हायड्रॉक्साइड आणि तीन लाखांच्या उपकरणाने करते. वास तितका चांगला येत नाही.)

रंगाची गंमतही इथेच आहे. महागड्या मेक्सिकन ठिकाणी निळ्या मक्याच्या तोर्तिया मिळतात. तो निळा रंग अँथोसायनिनचा. जांभळात आणि गोकर्णाच्या फुलात असतात त्याच कुळातली ही रंगद्रव्यं, आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारी. चुन्यात काही रंग नष्ट होतो, उरलेला राखाडी-निळा दिसतो. वर लिंबू पिळलं की तिथे गुलाबीसर डाग पडतो. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना यात नवल वाटायला नको.

इथपर्यंत सगळं चवीचं आणि पोताचं झालं. पण चुन्याने आणखी एक टाका उसवतो, आणि तो न उसवल्यामुळे माणसं मेली आहेत.

मक्यात नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, असतं. पण बरंचसं बांधलेल्या रूपात. आपल्या आतड्यांना ते सोडवता येत नाही. अल्कलीत शिजवलं की मोकळं होतं. मेक्सिकोच्या बायकांना नायसिन माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण चुना त्यांनी कधी सोडला नाही. कोलंबसानंतर मका युरोपात गेला तो एकटाच गेला. बी गेलं, कृती गेली नाही! युरोपातल्या गिरण्यांना साल काढायची अडचण नव्हती, मग चुना कशाला? 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग पाहिला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल खरबरीत चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, शेवटी मृत्यू. ही माणसं मुख्यतः मक्यावर जगत होती. पुढे इटलीत याला पेलाग्रा नाव पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत हा रोग हजारोंच्या संख्येने माणसं मारत होता. बहुतेक डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटायचा. जोसेफ गोल्डबर्गरला पटत नव्हतं. 1915 मध्ये त्याने मिसिसिपीच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना, माफीच्या बदल्यात, गरिबांचा मका-प्रधान आहार दिला. अकरांपैकी सहांना काही महिन्यांत पेलाग्राची लक्षणं दिसली. (आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रस्ताव पाच मिनिटंही टिकला नसता.) तरी लोक मानेनात, म्हणून 1916 मध्ये त्याने स्वतःला रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. त्याच्या बायकोनेही घेतलं. कुणालाच रोग झाला नाही. नायसिन हेच उत्तर हे कळायला 1937 उजाडलं, तोवर गोल्डबर्गर हयात नव्हता.

मेक्सिकोत हे फारसं का झालं नाही, याचं सगळं श्रेय चुन्याला देणं मला बरोबर वाटत नाही. तिथे मक्यासोबत घेवडा असतोच, आणि घेवड्यातलं ट्रिप्टोफॅन वापरून शरीर थोडं नायसिन स्वतः बनवतं. आणि पेलाग्रा फक्त मक्याचा रोग नाही, हे आपल्या दख्खनने दाखवलं. ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही तो दिसायचा. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनकडे बोट दाखवलं. त्यावर पुढे बराच वाद झाला, तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. भाकरीला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाहीये. एकाच धान्यावर जगायची वेळ येते, तेव्हा ते शिजवण्याची रीत किती महत्त्वाची ठरते, एवढंच.

आता परत पोलांकोच्या त्या टेबलाकडे. रात्रभर भिजवून सकाळी दळलेल्या मक्याची तोर्तिया हे मेक्सिकोतल्या प्रत्येक घराचं साधं अन्न होतं. मग ती इतक्या महाग ताटात कशी पोहोचली?

1949 मध्ये ग्रुमा ही कंपनी सुरू झाली. तिचं मासेका हे पीठ निश्तामाल करून वाळवलेलं असतं. पाणी घाला, थापा. पाट्यावर रोज तासन्‌तास वाटणारी बाई त्यातून सुटली. ही सुटका लहान नाही आणि जुन्या चवीच्या नावाने हळहळणाऱ्यांनी, यात मीही आले, आधी पाटा ओढून बघावा. नायसिन आणि कॅल्शियम या पिठातही असतं. बदलला तो मका. मोठ्या उद्योगाला एकसारखा, पांढरा, टनावारी मिळणारा दाणा लागतो. असा दाणा सिनालोआसारख्या राज्यात पाटाच्या पाण्यावर, संकरित बियाण्याचा येतो, हेक्टरी 10 टनांच्या आसपास. डोंगरातल्या कोरडवाहू वावरात गावरान मका हेक्टरी एक-दोन टन निघाला तरी पुष्कळ. बाजारात दोघांना भाव एकच. मग गावरान कोण आणि का लावणार?

तरीही लावतात, हीच कमाल आहे. मेक्सिकोत मक्याचे 59 देशी वंश नोंदलेले आहेत. ओआहाकाच्या दरीतला बोलिता तोर्तियासाठी, तेहुआन्तेपेक संयोगभूमीवरचा सापालोते चिको तोतोपोसाठी, मोठ्या मऊ दाण्याचा काकाउआसिंत्ले पोसोले रश्श्यासाठी. शेतकरी दरवर्षी चांगली कणसं बाजूला ठेवतो आणि तेच बी पुन्हा पेरतो. हे वंश एखाद्या शीतगृहात नुसते पडून नाहीत, दर पावसाळ्यात नव्या हवामानाशी जुळवून घेत आहेत. उद्या जगाला दुष्काळ सोसणारा मका हवा झाला, तर जनुकं शोधायला सगळे इथेच येणार. या राखणीचे पैसे शेतकऱ्याला कुणी देत नाही.

पुजोलसारखी ठिकाणं इथे थोडा फरक पाडतात. ती देशी मका ओळखीच्या शेतकऱ्यांकडून, बाजारापेक्षा जास्त भावाने घेतात. 2018 मध्ये ओल्वेराने कोंदेसा भागात मोलिनो एल पुजोल नावाची छोटी गिरणी-दुकान उघडलं, तिथे देशी मक्याची तोर्तिया साध्या गिऱ्हाइकालाही मिळते. मला हे आवडतं, पण माझी एक शंका आहे. शेफला निळा, लाल, दिसायला देखणा मका हवा असतो. गावात घरी खायला लावलेला, फोटोत न शोभणारा फिकट पिवळा वंश या वाटेने वाचणार नाही. शिवाय जगातल्या सगळ्या उंची रेस्टॉरंटांची भूक एकत्र केली, तरी एका देशाच्या रोजच्या तोर्तियांपुढे ती किती! देशी मका टिकायचा असेल तर तो कोपऱ्यावरच्या तोर्तियाच्या दुकानात परत यावा लागेल. त्यासाठी सरकारी खरेदीचा भाव लागतो, मिशेलिनचा तारा नाही.

तारा म्हटल्यावर आठवलं. 2024 च्या त्याच यादीत एल कालिफा दे लेओन या 1968 पासूनच्या टाको दुकानालाही एक तारा मिळाला. खुर्च्या नाहीत, उभं राहून खायचं. गरम तव्यावर मांसाचा पातळ तुकडा, मीठ, लिंबू आणि तिथेच समोर भाजलेली तोर्तिया.

पुण्या-मुंबईत एखाद्या झकपक मेक्सिकन ठिकाणी गेलात तर वेटरला एकच विचारा: तोर्तिया भिजवलेल्या मक्याची की तयार पिठाची? बहुतेकदा तयार पिठाची निघेल, कधी चक्क मैद्याची. निळी आली तर कडेला लिंबाचा एक थेंब टाकून बघा. गुलाबी झाली नाही, तर रंग मक्याचा नसण्याची शक्यता बरीच आहे.